कृत्रिम पेशींची ऊती: टँकर भरला, झरा अजून लागायचा आहे

अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या विज्ञानशिक्षकांनी विचारलं आहे: "माझ्या थोरल्या भावाची मुलगी तेरा वर्षांची आहे. चार वर्षांपासून टाइप १ मधुमेह, दिवसाला चार इंजेक्शनं. शास्त्रज्ञ कृत्रिम पेशी एकमेकींना जोडून ऊती तयार करतात असं वाचलं. तिचं स्वादुपिंड असं बनवता येईल का? किती वर्षं लागतील? एका माणसाने भावाला सांगितलंय की 'पेशींचं इंजेक्शन' घेतलं की इन्सुलिन कायमचं सुटेल, दीड लाख लागतील. भाऊ घरातलं सोयाबीन विकून पैसे उभे करायला निघालाय. वर्गात शिकवायचं तर ही ऊती जिवंत म्हणायची का, हेही सांगा. आणि मुलीचा स्वतःचा एक प्रश्न आहे: 'थेंबाला कसं कळणार, माझी साखर वाढली म्हणून?'"

गुरुजी, आधी भावाला फोन करा. सोयाबीन विकायचं असेल तर विकू द्या, पण त्यातला एक रुपयाही त्या माणसाकडे जाऊ देऊ नका. आणि लेकराचं इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही थांबवू नका. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद झालं की एक-दोन दिवसांतच रक्तात कीटोनचं आम्ल साठायला लागतं, आणि त्यात जीव जातो. एवढं करून मग पुढचं वाचा.

मी बावीस वर्षं लिपोसोमवर काम करतोय. म्हणजे मेदाच्या पातळ पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या बनवायच्या आणि त्यात औषध भरायचं. कृत्रिम पेशीची सुरुवात याच पिशवीपासून होते, म्हणून सांगायचा अधिकार थोडाफार आहे. आणि योगायोग असा की तुमचा भाऊ जे विकायला निघालाय, त्याच सोयाबीनमधून ही पिशवी येते.

माझं गाव रेणापूर तालुक्यातलं. लहानपणी लातूरच्या आडत बाजारात वडिलांबरोबर सोयाबीनच्या पोत्यांवर बसून चांगल्या दराची वाट पाहिली आहे. तेल काढताना त्यातून लेसिथिन नावाचा चिकट, मधासारखा पदार्थ वेगळा होतो. बिस्किटांत, चॉकलेटात तो जातो. त्याच्या रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं. दोन शेपट्या असतात, त्यांना पाण्याचा तिटकारा. असे रेणू पाण्यात सोडले की ते दोन रांगा करून पाठीला पाठ लावून बसतात, शेपट्या आत, डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे. हा दुहेरी पडदा जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाड असतो. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीभोवती असाच पडदा आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं की लेसिथिन पाण्यात हलवलं की हा पडदा आपोआप मिटून बंद पिशव्या तयार होतात. कोणी शिवाव्या लागत नाहीत.

२०२१ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन मिळवायला मराठवाड्यातली माणसं एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत होती. साधं अॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला फार त्रास देतं. तेच मेदाच्या पिशवीत बसवलं की त्रास बराच कमी होतो. त्या मूळ औषधाच्या पिशवीची भिंत सोयाबीनच्या लेसिथिनचीच, फक्त हायड्रोजन जोडून घट्ट केलेली. तेलाचा डालडा करतात ना, तसंच काहीसं. न घट्ट केलेलं लेसिथिन खवट होतं आणि पिशवी गळते. तेव्हा "कृत्रिम पेशी" हा शब्द परका वाटला तरी तिची सर्वांत साधी बहीण आपल्या घाटी रुग्णालयाच्या वॉर्डांपर्यंत कधीच पोहोचली आहे.

कृत्रिम पेशी ही कल्पनाही नवी नाही. १९५७ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात थॉमस चँग नावाच्या विद्यार्थ्याने पातळ कृत्रिम पडद्यात हिमोग्लोबिन कोंडून रक्तपेशीची नक्कल करायचा प्रयत्न केला होता. नवं आहे ते त्या पिशव्या एकमेकींना जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेणं. ऊती म्हणजे तेच.

हे काम सर्वांत सुंदर रीतीने कोणी दाखवलं असेल तर ऑक्सफर्डच्या हेगन बेली यांच्या गटाने, २०१३ मध्ये. लेसिथिनसारखे मेदरेणू तेलात विरघळवायचे आणि त्यात पाण्याचा बारीक थेंब सोडायचा. रेणू थेंबाभोवती एकेरी रांग लावतात. शेजारी दुसरा थेंब सोडला की दोन्ही थेंब चिकटतात, पण एक होत नाहीत. मध्ये दोन एकेरी रांगा मिळून तोच दुहेरी पडदा उभा राहतो. त्यांनी छपाईयंत्रासारखं यंत्र बनवलं आणि सुमारे ५० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडे लहान, थेंब एकावर एक रचत ३५ हजारांपर्यंत थेंबांचं जाळं छापलं. हाताला ते मऊ, मेंदूच्या किंवा चरबीच्या ऊतीइतकं मऊ. त्यात जिवंत पेशी एकही नाही.

मग त्यातल्या ठराविक थेंबांमध्येच एक प्रथिन ठेवलं. हे प्रथिन गळू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचं हत्यार आहे. त्याचे सात तुकडे एकत्र येऊन पडद्याला नेमकं भोक पाडतात. ज्या थेंबांत ते ठेवलं, तेवढ्याच वाटेने वीज वाहिली, बाकी जाळ्यात नाही. मज्जातंतू शरीरात हेच करतो, वाट धरून संदेश नेतो. मी तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती वर्गात सांगण्यासारखी आहे. दोन थरांत मिठाचं प्रमाण वेगळं ठेवलं. कमी मिठाच्या थेंबातलं पाणी जास्त मिठाच्या थेंबाकडे गेलं, एक थर फुगला, दुसरा आक्रसला, आणि पाकळ्यांसारखी छापलेली ती चपटी आकृती आपणहून मिटत गोल झाली. पापड उन्हात घातला आणि एका बाजूने आधी सुकला की कसा वळतो, तशी. बाहेरून कोणी हात लावला नाही.

पुढे २०१८ मध्ये ब्रिस्टलच्या स्टीफन मान यांच्या गटाने प्रथिनांच्या पडद्याच्या कृत्रिम पेशी रासायनिक दुव्यांनी एकमेकींना बांधल्या. तापमान वरखाली केलं की ती सगळी ऊती एकत्र आकसायची आणि सैल व्हायची. हृदय म्हणू नका त्याला, पण हजारो पिशव्या एका तालात हलल्या हे खरं.

आता लेकीचा प्रश्न. इतक्या वर्षांत मोठ्या परिषदांतही इतका नेमका प्रश्न कमी वेळा ऐकला आहे.

थेंबाला कळत नाही. थेंबाची रचनाच अशी करायची की साखर वाढली की त्याच्यात आपोआप काहीतरी बदलावं. २०१७ मध्ये अमेरिकेत झेन गु यांच्या गटाने अशी कृत्रिम बीटा पेशी बनवली. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणाऱ्या खऱ्या पेशींना बीटा पेशी म्हणतात, आपल्या लेकीच्या शरीरातल्या त्याच पेशी तिच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने मारल्या आहेत. गु यांची कृत्रिम पेशी म्हणजे एका मोठ्या पिशवीत कोंडलेल्या लहान लहान पिशव्या. लहान पिशव्यांत इन्सुलिन भरलेलं. मोठ्या पिशवीच्या भिंतीत साखर आत घेणारं एक दार. रक्तात साखर वाढली की ती दारातून आत शिरते. आत ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बसलेलं असतं, ते साखरेचं आम्ल करतं. आत आंबटपणा वाढला की लहान पिशव्यांवर असलेलं संरक्षक आवरण सुटतं, त्यांचे चिकटायचे भाग उघडे पडतात, त्या मोठ्या पिशवीच्या भिंतीला आतून जाऊन मिळतात आणि इन्सुलिन बाहेर सोडतात. साखर उतरली की आम्ल तयार होणं थांबतं, आम्लाचा अंश भिंतीतल्या दुसऱ्या एका वाटेने बाहेर निघून जातो, आणि उरलेल्या लहान पिशव्या पुन्हा शांत बसतात.

तिला असं सांगा: ताक आंबट झालं हे रवीला कळत नाही, पण ते आंबट होतंच. तसं थेंबाचं आहे. साखर त्याच्यात जाते, आंबटपणा होतो, आणि त्या आंबटपणाने दार उघडतं.

मधुमेह असलेल्या उंदरांत याने काही दिवस साखर आटोक्यात ठेवली. मग इथेच प्रश्न सुटला का? नाही. त्यातलं इन्सुलिन आधी भरलेलं आहे, तिथे तयार होत नाही. खरी बीटा पेशी दिवसरात्र इन्सुलिन बनवत असते. मराठवाड्यातल्या माणसाला हे दोन वाक्यांत कळेल: आजची कृत्रिम पेशी टँकर आहे. तिला झरा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, शहराचा जीव तगला, पण मांजरा धरण काही त्या गाडीने भरलं नाही.

पेशीत झरा बसवायचा म्हणजे आतच प्रथिनं तयार करणारी यंत्रणा बसवायची. तीही अर्धी हातात आहे. २००१ मध्ये टोकियोत ताकुया उएदा यांच्या गटाने प्रथिन बनवायला लागणारे घटक एकेक शुद्ध करून परीक्षानळीत एकत्र केले. त्यात डीएनए टाकला की जिवंत पेशीशिवाय प्रथिन तयार होतं. बेली यांच्या गटाने २०१६ मध्ये अशाच यंत्रणेने थेंबांच्या आत भोक पाडणारं ते प्रथिन बनवून घेतलं, तेही प्रकाश पडल्यावरच. पण ही भट्टी काही तास पेटते आणि विझते. इंधन संपतं, टाकाऊ साठतं. जिवंत पेशी खाते, विष्ठा टाकते, तुटलेलं पुन्हा बांधते. हे तिन्ही आपल्या पिशवीला येईपर्यंत ती कायमचं स्वादुपिंड होणार नाही. माझ्या मते या शास्त्राचा खरा डोंगर इथेच आहे. छपाईयंत्र सुधारेल, थेंब लाखांनी रचता येतील. रसदीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरी अडचण शरीराची. परकी वस्तू आत ठेवली की शरीर तिच्याभोवती तंतूंचं कवच चढवतं. १९८० मध्ये लिम आणि सन या दोघांनी जिवंत इन्सुलिन-पेशींचे पुंजके समुद्रशैवालातून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या गोळ्यांत बंद करून उंदरांत ठेवले होते. कल्पना अप्रतिम होती. तेव्हापासून आजवर त्या वाटेवरची मोठी धोंड हेच कवच आहे. कवच चढलं की आत ऑक्सिजन पोहोचत नाही, साखरेची खबर उशिरा लागते. कृत्रिम पेशीला ऑक्सिजन जगण्यासाठी लागत नाही, हा तिचा फायदा, पण आत बसलेल्या त्या विकराला साखरेचं आम्ल करायला ऑक्सिजन लागतोच. आणि साखरेची खबर तिलाही वेळेवर हवीच.

तिसरी अडचण साधी वाटते, पण कामाच्या टेबलावर सगळ्यांत जास्त रडवते: पाणी आणि उष्णता. थेंबातल्या क्षारांचं प्रमाण बाहेरच्या रक्ताशी जुळलं नाही की थेंब फुगून फुटतो किंवा सुकतो. शिवाय तेलात छापलेलं जाळं शरीराच्या पाण्यात ठेवायचं तर त्याला तेलाचं आवरण टिकवावं लागतं. उष्णतेचं तर मी भोगलंय. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मे महिन्यात प्रयोगशाळेत वीज गेली, दुपारभर आलीच नाही. माझ्या पिशव्या डीपीपीसी नावाच्या मेदाच्या होत्या. हा मेद ४१ अंशांना घट्टपणा सोडतो. आत कॅल्सिन हा रंग भरला होता. तो दाटीने कोंडलेला असला की चमकत नाही, बाहेर सांडला की हिरवा चमकतो. संध्याकाळी वीज आल्यावर यंत्रात नळी ठेवली, तर सगळी नळी हिरवीगार. तीन आठवड्यांचं काम वाहून गेलं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक शोधनिबंधात आधी बघतो, किती अंशांना टिकलं ते. परभणीच्या मे महिन्यात जी वस्तू टिकणार नाही ती परभणीच्या रुग्णासाठी अजून तयार नाही, असं मी विद्यार्थ्यांना आजही सांगतो. औषध बनवणाऱ्याने हे शेवटी नव्हे, पहिल्या दिवशी विचारात घ्यायला हवं.

मग वैद्यकात याचा उपयोग कधी आणि कुठे? वर्षं मोजून सांगणार नाही, सांगितली तर ती खोटी ठरतील. क्रम मात्र सांगू शकतो. अख्खा अवयव सर्वांत शेवटी. आधी येतील ते शरीराशी थोडा वेळ बोलून काम संपवणारे तुकडे: जखमेवर ठेवायची आणि संसर्गाची खूण मिळाली की औषध सोडणारी पट्टी, किंवा तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकांमधला मऊ दुवा. २०२३ मध्ये बेली यांच्याच गटाने जेलच्या सूक्ष्म थेंबांची, क्षारांच्या फरकावर चालणारी वीजघटी, म्हणजे बॅटरी, बनवली, विद्युत-ईल माशाच्या धर्तीवर, आणि तिने जिवंत चेतापेशींच्या, म्हणजे मज्जातंतूच्या पेशींच्या, जाळ्याचं काम बदलून दाखवलं. याच्या आधीच, रुग्णाला हातही न लावता, औषधांची चाचणी घ्यायला अशा ऊती उपयोगी पडतील असं मला वाटतं. टँकरने जिथे भागतं तिथे आधी टँकर जाईल.

टाइप १ साठी सध्या आशा जास्त आहे ती जिवंत पेशींकडून. २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या गटाने सात रुग्णांत दात्याच्या इन्सुलिन-पेशींचे पुंजके यकृतात सोडून इन्सुलिन सोडवलं होतं. २०२५ मध्ये मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडवता येतात अशा पेशींपासून, प्रयोगशाळेत बनवलेल्या अशा पुंजक्यांच्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जण एका वर्षानंतर इन्सुलिनशिवाय होते. ही मोठी गोष्ट आहे. पण त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि तेरा वर्षांच्या वाढत्या मुलीसाठी तो सौदा साधा नाही. कृत्रिम ऊतीचं काम इथे जोडीदाराचं असू शकतं: जिवंत पेशी आत, आणि भोवती कृत्रिम पेशींचं असं आवरण जे साखर-इन्सुलिन जाऊ देईल, प्रतिकारपेशींना अडवेल, जमलं तर त्यांना शांतही करेल. झरा निसर्गाचा, बांधकाम आपलं. मला स्वतःला सर्वांत जास्त विश्वास या वाटेवर आहे.

जिवंत-निर्जीवाबद्दल वर्गात असं सांगा: प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते हे जर्मन वैद्य फिरचो यांचं सूत्र १८५५ चं. २०१६ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने अवघ्या ४७३ जनुकांचा जिवाणू उभा केला, पण त्यासाठी प्रयोगशाळेत रचलेले जनुक एका जिवंत जिवाणूच्या पेशीतच ठेवावे लागले. म्हणजे सूत्र तिथेही मोडलं नाही. आपले थेंब मात्र कुठल्याच पेशीपासून आलेले नाहीत, आणि ते जिवंतही नाहीत. खात नाहीत, वाढत नाहीत, दुणावत नाहीत. शरीरात ते कर्करोगासारखे माजणार नाहीत, ही त्यांची जमेची बाजू आहे.

आता तो दीड लाखवाला. त्याला तीन गोष्टी विचारा, शक्यतो लिहून घ्या. ही चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे देशाच्या चाचणी-नोंदवहीतला क्रमांक काय? २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे आणि कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. दुसरं, नैतिक समितीची मंजुरी कुठली? तिसरं, चाचणी असेल तर पैसे कशाचे? खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आणि तो म्हणाला की ही चाचणी नाही, सिद्ध उपचार आहे, तर आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याच्यासमोर ठेवा: रक्ताच्या ठराविक आजारांतलं मूलपेशी-रोपण सोडलं तर मूलपेशींचा बाकी वापर मंजूर चाचणीबाहेर करायचा नाही. टाइप १ मधुमेह त्या अपवादात बसत नाही.

ते पैसे तिच्यावरच खर्च करायचे असतील तर साखर मोजायच्या पट्ट्यांवर करा. जमलं तर डॉक्टरांना विचारून दंडाला लावायचा सतत साखर मोजणारा सेन्सर घ्या. रात्री साखर उतरली तर घरच्यांना कळेल. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात, बर्फाच्या खणाजवळ कधीच नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. वापरातली कुपी किती दिवस बाहेर चालेल ते तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, बहुतेकांचं साधारण चार आठवडे. उन्हाळ्यात तुमच्याकडे भारनियमन लांबलं तर कुपी झाकणाच्या डब्यात घालून, डबा ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा, वरून ओलं फडकं टाका. दप्तरात उन्हात नको, मोटारसायकलच्या डिकीत तर अजिबात नको.

आणि लेकीसाठी एक प्रयोग. कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवायचं, कवच विरघळतं आणि नुसता पडदा राहतो. ते एक दिवस साध्या पाण्यात ठेवायचं, मग एक दिवस घट्ट साखरेच्या पाकात. दोन्ही वेळा दोऱ्याने घेर मोजून वहीत लिहायचा. पाकात घेर का कमी झाला, याचं तिचं स्वतःचं उत्तर मला पाठवा. तिने दुसरा प्रश्न विचारला तर तोही.